दुपट्ट्याच्या गाठी

कळंबहून यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये शेजारचा म्हातारा दुपट्ट्याच्या गाठी चाचपत होता. टोकापासून टोकापर्यंत नुसत्या गाठी.

"कायच्या गाठी ह्या, बाबाजी?"

"एक काम, एक गाठ. इसरू नाही म्हनून."

मला त्याची कीव आली. मी लॅपटॉप काढून पायथॉन या संगणकभाषेत स्वतः बनवलेली कामांची वही दाखवायला उघडली. बायकोनं सांगितलेल्या सामानाची यादी त्या वहीतच होती, आणि सामान विसरलो तर घरात घेणार नाही, असं तिनं बजावलं होतं.

वही कोरी निघाली! उघडताच जुनं पुसून नवं पान करायचं, अशी आज्ञा प्रोग्रॅममध्ये मीच लिहिली होती.

म्हातारा वाकून म्हणाला, "लय साफ हाये."

"मग तुमची ही गाठ कायची?" मी चिडलो.

त्यानं ती नखानं कुरतडली, हुंगलीसुद्धा. "आठवत नाही गा भाऊ. पन काहीतरी इसरलो, येवढं पक्कं ध्यानात राह्यते."

उतरताना त्यानं माझ्या रुमालाला एक गाठ मारून दिली.

दारात बायकोनं विचारलं, "सामान?" मी गाठ दाखवली.

मग बाहेर पायरीवर बसून मी वही सुधारली. आता ती उघडली की मोठ्या अक्षरांत सांगते, 'काहीतरी विसरलात.' अजून एकदाही चुकलेली नाही.