दगड सपाट होईपर्यंत

आमच्या जेवणाच्या टेबलावर एकवीस दिवस एक दगड पडून होता, आणि एकवीस दिवस आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. दगड आमच्या भाऊजींचा. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय पन्नास, लग्न केलं नाही, आवाज चढवून कधी बोलले नाहीत, आणि कुठलीही गोष्ट एकदाच बघून ठीक आहे असं आजवर म्हणाले नाहीत. या शेवटच्या गुणाने माझ्या नाकी नऊ आणले होते.

बुटांचा कारखाना बंद पडला तेव्हा ते एक ट्रंक आणि दोन राप्या घेऊन आमच्याकडे राहायला आले. रापी म्हणजे कातडं कापायची, तासायची रुंद पात्याची सुरी. चार महिने त्या राप्यांना धार लावण्यात गेले. मग चामडी वस्तूंच्या एका दुकानाच्या मालकीणबाईंनी त्यांना सांगितलं, "वहीचं एक कव्हर करून आणा, वर ठशांची वेल हवी. पसंत पडलं तर कव्हरांचं काम कायमचं तुमच्याकडे." मुदत महिन्याची. तिकडे माझ्या नवऱ्याने त्यांच्यासाठी एका गोदामाच्या फाटकावर पहारेकऱ्याची जागा बघून ठेवली होती. तिथेही महिनाअखेर हो की नाही ते कळवायचं होतं. फाटकाचं ऐकल्यापासून भाऊजींचं जेवण निम्म्यावर आलं. मला त्यांना फाटकावरच्या खुर्चीत बसलेलं बघायचं नव्हतं. आणि खोटं कशाला सांगू, मला माझं टेबलही परत हवं होतं.

ठसे ठोकायला कातड्याखाली जड, गुळगुळीत दगड लागतो. लाकडावर ठोकलं तर लाकूडच दणका गिळतं आणि ठसा पुसट उमटतो. इथपर्यंत मला पटलं. समोरच्या इमारतीत कोणीतरी स्वयंपाकघर फोडत होतं, तिथून ग्रॅनाइटचा दोन हात लांब तुकडा मिळाला. दोघा भावांनी तो तीन जिने चढवून आणला. वरची बाजू अशी चकचकीत की मला त्यात माझी हनुवटी दिसली. म्हटलं, झालं, उद्या काम सुरू.

उद्या उजाडला, तर भाऊजींनी खिडकीची एक जुनी ॲल्युमिनियमची पट्टी आणली, दगडावर उभी धरली आणि तिच्यामागे बॅटरी लावून टेबलाशी डोळा नेला.

"मध्ये खड्डा आहे, वहिनी."

"कुठे?"

"पट्टीखालून उजेड येतोय बघा. केसभर."

मी बघितलं. मला उजेड दिसला नाही. मला फक्त सव्वीस दिवस उरलेले दिसले.

मग घासणं सुरू झालं. कुरुंदाची पूड आणि पाणी टाकून एका दगडावर दुसरा दगड, गोल गोल, सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. न्हाणीघरात राखाडी चिखल साचला. दाढा शिवशिवतील असा आवाज. शेजारीण विचारायला आली की पिठाची गिरणी टाकली का. खड्डा गेला, पण चकाकीही गेली, म्हणून मग बारीक, त्याहून बारीक, त्याहूनही बारीक पॉलिशपेपर. नमनालाच घडाभर तेल म्हणतात, इथे तर घडे रिकामे व्हायची वेळ आली. पुढे काठ गोल करायचे, कारण ओल्या कातड्याला काठ लागला तर वळ उमटतो. मग दगड सरकू नये म्हणून खाली सतरंजीचा तुकडा चिकटवायचा. प्रत्येक पायरीला एक नियम. दगडावर गरम भांडं ठेवायचं नाही. तेलाचा हात लावायचा नाही. लोखंड लावायचं नाही. असे तीस तरी असतील, मी दहाव्यालाच कान बंद केले.

कातडं मात्र माझ्या कपाटात, चांगल्या चादरींवर, गुंडाळलेलं तसंच. झाडाच्या सालीत कमावलेलं, फिक्या रंगाचं, एवढा एकच तुकडा त्यांच्याकडे होता.

विसाव्या दिवशी दगड पुरा झाला. रात्रीची ताटं उचलताना बघते तो भाऊजी परत पट्टी धरून वाकलेले.

"कोपऱ्यात जरासा..."

"भाऊजी," मी म्हटलं, "याआधी किती कव्हरं केलीत तुम्ही?"

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "एकही नाही."

"बूट तरी?"

"बूट तीस जणांच्या हातातून जातो, वहिनी. मी कडा तासायचो. शिवणीआधी कड पातळ करायची आणि पुढच्या माणसाकडे सरकवायची. सव्वीस वर्षं."

"म्हणजे अख्खा बूट..."

"दुकानाच्या काचेत बघितलाय."

घोडं कुठे पेंड खात होतं ते मला तेव्हा कळलं. अंगण वाकडं नव्हतंच. खरं तर मला त्यांची कीव यायला हवी होती. आला तो राग. एवढी भीती होती तर आधी बोलायचं ना!

दुसऱ्या दिवशी ते दोरा आणायला बाहेर पडले. दगडावर गोंदाचे दोन-चार डाग होते, आता या डागांच्या निमित्ताने आणखी तीन दिवस जाणार. मी तारेची घासणी घेतली, खसाखसा दगड घासला, ओल्या फडक्याने पुसला आणि कातडं कपाटातून काढून त्यावर ठेवून दिलं. ते आले, बघत उभे राहिले. मी हाताची घडी घालून दारात. सुटका नाही म्हटल्यावर त्यांनी कातडं ओलं केलं, पसरलं आणि पहिला ठसा ठोकला. आवाज इतका भरीव आला की दोघांनीही मान वर केली. दुपारपर्यंत वेलीला सात पानं आली.

मग त्यांनी कातडं उलटलं. पाठीवर मिरपूड सांडावी तसे काळे ठिपके, आणि दोन-तीन वरच्या बाजूलाही फुटलेले.

"लोखंड," ते हळूच म्हणाले. "सालीत कमावलेल्या ओल्या कातड्याला लोखंडाचा कण लागला की काळं पडतं."

माझी घासणी मोरीपाशी वाळत होती. त्यांची नजर तिथे गेली आणि परत आली. सात दिवस राहिले होते, दुसरं कातडं नव्हतं. त्यांनी दगड पाच वेळा धुतला आणि आठव्या पानाला हात घातला. एकवीस दिवस एवढी बडबड केली होती, पण त्या दिवशी 'चुकलं' एवढं म्हणायचं सोडून मी घासणी केराच्या डब्यात टाकली.

दुकानात मी बरोबर गेले. एकटे गेले असते तर दारावरूनच परतले असते. मालकीणबाईंनी कव्हर खिडकीपाशी नेलं.

"हे डाग कसले?"

"दगड नीट पुसला नव्हता," भाऊजी म्हणाले. "चूक माझी."

दगड नीट पुसला नव्हता म्हणे! तीन आठवडे ज्यांनी त्या दगडापायी माझं डोकं खाल्लं, ते हे सांगत होते. मला ऐकवेना.

"खोटं बोलतायत ते," मी म्हटलं. "तारेच्या घासणीने मी घासला. त्यांनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. यांची चूक कुठे, माझ्यासारख्या बाईच्या घरात राहतात एवढीच."

"वहिनी, जाऊ द्या."

"का जाऊ द्या? बोला ना एकदा!"

बाईंनी कव्हराच्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "वेल ठीक आहे, डागाचं कव्हर मी घेऊ शकत नाही. पण अशी कड माझ्याकडे कोणाला जमत नाही. उद्यापासून या, सगळ्यांच्या कडा तुम्ही तासा."

मी भाऊजींच्या वतीने हो म्हणायला तोंड उघडलं होतं. सावलीतलं काम, हातातलं काम, फाटक नको. भाऊजींनी कव्हर हळूच आपल्याकडे ओढून घेतलं.

"नाही," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"कडा झाल्या माझ्या. दुसरं कव्हर करून आणतो. बिनडागाचं."

"घेईनच असं नाही."

"नका घेऊ. पण अख्खं बघा."

रस्त्यावर आल्यावर मी कपाळाला हात लावला. "वेड लागलंय का तुम्हाला? दारात आलेलं काम!" ते ऐकत नव्हते. चालता चालता कव्हर उघडत होते, मिटत होते.

"पहिली तीन पानं वाकडी आलीत, वहिनी."

"आलीत."

"चौथ्यापासून सुधारली."

"सुधारली," मी म्हटलं.

कोपऱ्यावर थांबून मी नवऱ्याला फोन लावला. "फाटकावर कळवून टाका, भाऊजी येणार नाहीत."

"दुकानात मिळालं का काम?"

"नाही."

"मग?"

भाऊजी पुढे निघून गेले होते, मान खाली, अंगठा कव्हरावरच्या पानांवरून फिरत होता.

"मग काय," मी म्हटलं, "त्यांना वेळ नाही."