पाऊण तास पुढे

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत कुणाला वेळ हवी असली की ते भाऊराव दळवींना विचारत, त्यांच्या घड्याळाकडे बघत नसत. भिंतीवरचं ते लंबकाचं घड्याळ कायम चुकलेलं असायचं आणि भाऊराव कधी चुकत नसत.

मिसरूड फुटायच्या वयात ते वेधशाळेत लागले होते. तिथे दुहेरी दारांच्या खोलीत एक मोठं घड्याळ होतं. दुर्बिणीतल्या बारीक धाग्यावरून तारा सरकला की साहेब हाक देत आणि त्या क्षणी घड्याळात काय वाजलं ते भाऊराव टिपत. तारा काही उशीर करत नाही, तेव्हा चूक घड्याळाचीच. पण म्हणून काटे सरकवायचे नाहीत, हा तिथला कडक नेम. चालत्या घड्याळाला हात लावला की त्याची चाल बिघडते. ते किती चुकलंय ते ध्यानात ठेवायचं, तेवढं वजा करायचं आणि खरी वेळ पुढे कळवायची. त्या वेळेवर बंदरातल्या खांबावरून मोठा गोळा खाली पडे आणि बोटींवरचे कप्तान आपापली घड्याळं जुळवत.

नोकरी संपली, नेम काही सुटला नाही. घरचं घड्याळ रोज थोडं थोडं पुढे पळायचं. दिवाळीला एकदा ते लावलं की वर्षभर काट्यांना कुणी बोट लावायचं नाही. रोज सकाळी रेडिओवर बातम्यांआधीचे ठोके ऐकायचे आणि आज घड्याळ किती पुढे आहे ते डोक्यात पक्कं करायचं. मनगटी घड्याळ त्यांना मुळात मान्यच नव्हतं. माणसाबरोबर हिंदकळणारं यंत्र कसली वेळ दाखवणार! सून सुलक्षणा नवी असताना या घड्याळापायी रडकुंडीला आली होती. मग तीही सरावली. स्वयंपाकघरातून हाक मारायची, "नाना, किती वाजले हो?" आणि नाना खरं काय ते सांगायचे.

शहाऐंशीच्या श्रावणात त्यांच्या बायकोच्या, रत्नप्रभाबाईंच्या, पोटात गाठ निघाली. जवळच्याच इस्पितळात दाखल केलं. दुपारी तीनला ऑपरेशनसाठी आत नेणार असं ठरलं. बाई तशा धीराच्या, पण त्या सकाळी त्यांचा धीर पार सुटला. त्यांनी भाऊरावांची बाही धरली.

"अहो, आत नेताना तुम्ही हवे हां मला. नुसता हात धरा, बास. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"अगं, असेन ना. अर्धा तास आधीच येऊन बसतो," भाऊराव म्हणाले आणि आंघोळ-जेवणासाठी घरी आले.

मुलगा जयवंत कंपनीत अडकलेला, सुट्टी मिळाली नव्हती. सासूजवळ बसायला सुलक्षणा निघायच्या घाईत होती. घड्याळ तेव्हा पाऊण तास पुढे होतं. तिच्या मनात आलं, नाना आज भांबावलेत, हिशेबात घोळ घातला तर? सांगितलं असतं तर त्यांनी हात लावू दिला नसता. म्हणून ते आंघोळीला गेल्यावर ती स्टुलावर चढली, घड्याळ बरोबर लावलं आणि गेली. तिचं काय चुकलं? कुणीही शहाण्या माणसाने हेच केलं असतं.

एरवी भाऊरावांच्या ते पटकन लक्षात आलं असतं. त्या दिवशी त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता. भात चिवडून ताट सारलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि घड्याळासमोर बसून राहिले. घड्याळात तीन वाजले. पाऊण तास वजा, म्हणजे सव्वादोन. ते उठले, दाराला कुलूप लावलं आणि पंधरा मिनिटांची वाट चालत गेले.

इस्पितळाच्या दाराशी मोठं घड्याळ होतं. त्यात सव्वातीन झाले होते. भाऊरावांना जरा हसूच आलं. यांचंही घड्याळ पुढे, ते मनाशी म्हणाले आणि जिना चढले.

वॉर्डात खाट रिकामी होती. चादर अजून चुरगळलेली होती. शेजारी सुलक्षणा उभी होती.

"नाना, कुठे होता हो? बरोबर तीनला नेलं आईंना."

"आता कुठे अडीच होतायत गं."

सुलक्षणाचा चेहरा पांढरा पडला. "नाना, मी... मी घड्याळ लावून आले होते. बरोबर केलं होतं."

भाऊराव खाटेच्या कडेवर बसले. चुरगळलेली चादर हाताने सारखी केली. मग त्यांनी विचारलं, "काही म्हणाली का?"

रत्नप्रभाबाई घाबरल्या की माहेरच्या मालवणीत शिरत. तीनच्या जरा आधीच स्ट्रेचर आलं तेव्हा सुलक्षणाने वॉर्डबॉयला जरा थांबायची गळ घातली होती. तो थोडा थांबलाही. बाई दाराकडे बघत त्याला समजावत होत्या, "ते येतले. त्यांची येळ कधी चुकाक नाय." मग त्याचाही नाइलाज झाला.

त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी गेल्या. भाऊरावांनी त्यांचा हात तेव्हा कितीतरी तास धरला, पण तो हात धरल्याचं त्यांना कळत होतं की नाही, हे सांगायला कुणी नव्हतं.

सुलक्षणाला त्यांनी एका शब्दानेही बोल लावला नाही. बोलले असते तर बरं, असं तिला वाटे. तेराव्यानंतर एकदा ती रडत स्टुलावर चढली, काटे पुन्हा पाऊण तास पुढे करते म्हणाली.

"उतर खाली," ते म्हणाले. "घड्याळ बरोबर आहे. त्याला कशाला शिक्षा?"

सकाळचा रेडिओ त्यांनी बंद केला. ठोके ऐकणं नाही, चूक पक्की करणं नाही. दुपारी मात्र जेवण झालं की आपसूक इस्त्रीचा सदरा घालून घड्याळासमोर बसत.

अशाच एका दुपारी सुलक्षणाने जुन्या सवयीने आतून हाक मारली, "नाना, किती वाजले हो?" आणि तिने जीभ चावली.

घड्याळात तीन वाजले होते.

"सव्वादोन," भाऊराव म्हणाले. "अजून वेळ आहे."

ती दारात येऊन उभी राहिली. त्यांची चूक दुरुस्त करायचं तिला धाडस झालं नाही.