शून्यावर अडकलेला काटा

मंडळी, आज सकाळी मी आमच्या तीस वर्षं जुन्या गाडीखाली दोन तास आडवी होते.

मुलगी रिया ड्रायव्हिंग शिकतेय आणि स्पीडोमीटरचा काटा शून्यावरून हलेना. मेकॅनिक म्हणाला, अख्खा मीटर बदला. नवरा म्हणाला, "अगं, गाडीच विकून टाक." मला आधी बिघाड नक्की कुठे आहे ते बघायचं होतं.

मीटरकडे जाणाऱ्या केबलचं गिअरबॉक्सकडचं टोक सोडवलं आणि आतली तार ड्रिलने फिरवली. रिया आत बसून काटा बघत होती.

"ममा, इट्स मूव्हिंग. फॉर्टी. सिक्स्टी."

म्हणजे मीटर आणि केबल ठणठणीत. मग ती केबल फिरवणारं छोटं प्लास्टिकचं चाक गिअरबॉक्समधून काढलं, तर त्याचे दात पार झिजलेले. ब्लॅकटाउनजवळ जुन्या गाड्यांचे पार्ट विकणाऱ्याकडून तसंच दुसरं आणून बसवलं.

दुपारी रियाने गाडी बाहेर काढली. काटा पन्नासवर स्थिर. रस्त्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "नेक्स्ट टाइम मी खाली जाणार. तू आत बस."

मी नुसतं "नो वरीज" म्हटलं, पण फार बरं वाटलं.

तुम्ही मुलांना सोबत घेऊन शेवटचं काय दुरुस्त केलंत?