सगळ्या अळ्या सुंदर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे हसू येईल याची मी हमी देत नाही.

बोंडअळीनं कापूस पोखरून काढला, त्या सालची गोष्ट. शेतकऱ्यांना फोनवरून सल्ला देणारी माणसं तयार करायला एक ऑनलाइन कोर्स निघाला. त्याचं सॉफ्टवेअर बनवायचं काम आमच्या अमरावतीच्या ऑफिसला मिळालं. म्हणजे मला!

सोबत नियमांचं लांबलचक पत्रक. त्यात एक प्रश्न : अंध व्यक्तींना हा कोर्स वापरता येतो का? मी ठोकलं, 'हो'!

पण तपासणीत अडलं. म्हणे, प्रत्येक फोटोचं वर्णन लिहा. अंध माणसाचा फोन ते वाचून दाखवतो. आता एवढ्या अळ्यांची वर्णनं कोण लिहीत बसणार? मी एकदाच 'सुंदर फोटो' असं लिहिलं आणि सगळ्या फोटोंना चिकटवून दिलं. तपासणी पास! मालकांनी पेढे वाटले.

दोन महिन्यांनी अंजनगाव सुर्जीहून एक चाचा ऑफिसात आले. सोबत त्यांची पंचविशीतली मुलगी, नसरीन. हातात पांढरी काठी.

मी चाचांना विचारलं, "काय अडचण हाय हिची?"

"मले काय विचारता? परीक्षा तिनं देल्ली."

मग मी नसरीनकडे वळलो आणि एकेक शब्द तोडून ओरडलो, "ताई! काय! झालं!"

"भाऊ, मले दिसत नाही. ऐकू चांगलं येते."

अख्खं ऑफिस खोकायला लागलं.

तिनं फोनवर आमच्या कोर्सची परीक्षा उघडली. फोन बोलू लागला, "चित्रातली कीड ओळखा. सुंदर फोटो. बटण. बटण. बटण. बटण."

"आता सांगा, कोणती अळी हाय? दोनदा नापास झाली मी. मले वाटलं, फोनच बिघडला. दुकानात दाखवला, तर चांगला हाय म्हणे."

"आठ दिवसांत करून देतो!" मी म्हटलं.

आणि केलं काय? अक्षरं मोठी केली! पिवळ्यावर काळी, ठळक! वर तिला फोन करून ऐटीत सांगितलं, "ताई, आता लांबूनसुद्धा दिसते!"



"भाऊ," ती म्हणाली, "आमच्या वावरातली अळी मले बोटानं समजते. या कामात तर शेतकरी फोनवर तोंडानंच सांगन. मंग परीक्षेत फोटो कावून?"

 मी पत्रक पुन्हा चाळलं; हा प्रश्न त्यात नव्हताच.

मग मात्र बसलो. एकेका अळीचं वर्णन लिहिलं, उत्तरांच्या बटणांना नावं दिली. तीन आठवडे गेले. तोवर फोनवर सल्ला देणाऱ्यांच्या जागा भरल्या. शेवटची जागा अकोल्यात जठारपेठेतल्या एका उमेदवाराला मिळाली. त्यानं कापसाचं झाड आमच्या कोर्समध्येच पहिल्यांदा पाहिलं होतं.

मी नसरीनला फोन केला. "माफ करा, ताई."

"माफी राहू द्या. आता चालते का ते तुमी सोता पाहिलं? डोये मिटून?"

नव्हतं पाहिलं.

त्याच दुपारी रुमालानं डोळे बांधले आणि फोन बोलता केला. तासभर चाचपडलो. धडा सोडा, लॉगिनच्या पानावरून पुढे सरकलो नाही.

आणि पासवर्ड तर मीच ठेवलेला!