शेळीच्या वाटेनं डोंगर

"डोंगर पाह्यला जायचं? काहून, त्याला काय झालं?" माय म्हणाली.

तिच्या लेखी पाहायला जायचं ते आजारी माणसाला. आमच्याकडे नरसीला जायचं ते देवाला, कुरुंद्याला सोयऱ्यांच्या लग्नाला, नांदेडला दवाखान्यात. बिनकामाचंही कुठं जातात, हे मला हिंगोलीत नोकरी लागल्यावर कळलं. ऑफिसातल्या बाया सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी जाऊन यायच्या आणि महिनाभर फोटो दाखवून जीव खायच्या. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझ्याकडे लूना होती आणि औंढ्याकडे जंगलखात्याचा डोंगर होता.

डोंगर मायच्या माहेरचा. लग्न होईपर्यंत तिनं त्याच्या पायथ्याशी शेळ्या राखलेल्या. मी सहज विचारलं, वरून काय दिसतं?

"म्या कुठं पाह्यलं? वर ना पाला ना पाणी. शेळ्या जात न्हाईत तं मी कशी जाऊ?" मग आपणच म्हणाली, "लई वाटायचं पण. पल्याड काय आसंल."

साठीला टेकलेल्या बाईनं हे आत्ता सांगावं, याचा मला रागच आला. म्हटलं, उद्या रविवार आहे, निघायचं.

पायथ्याशी जंगलखात्याच्या गार्डानं अडवलं. "काय तोडाया आले?"

"काही न्हाई. फिराया आलो," मी म्हणाले.

त्यानं पिशवी उघडून पाहिली. भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली. कुऱ्हाड नाही, विळा नाही, म्हणून तर त्याचा संशय आणखीच वाढला. "रिकाम्या हातानं जंगलात कोण येतंय, मावशी?" शेवटी सोडलं त्यानं, पण तोंड वाकडं करूनच.

माय पदर खोचून पुढे झाली. "ही वाट वर जात आसंल. शेळ्या हिच्यावरूनच चढाया लागायच्या." मी मुकाट मागे. ती झाडाझाडापाशी थांबायची. हा धावडा, याच्यावर शेळी जीव टाकते. ही बोर, काटे असले तरी सोडत नाही. ह्या वेलीला तोंड लावत नाही, कडू असते. कुठलं झाड किती सुंदर, हे तिच्या गावीही नव्हतं. कुठलं चवीला कसं, एवढं पक्कं ठाऊक. मला मजा वाटायला लागली. मीही दोन-चार पानं चावून पाहिली आणि थुंकली.

वाट चढायची, उतरायची, परत चढायची. ऊन डोक्यावर आलं. एका वळणावर मला खाली लूना दिसली. आमचीच. शेजारी गार्ड बसलेला. डोंगराला अख्खा वेढा घालून आम्ही जिथून निघालो तिथंच आलो होतो.

"लाकडं कुठं लपवली, मावशी?" म्हणून तो पोट धरून हसला.

त्याचं काय चुकलं? शेळीला कुठं माथा गाठायचा असतो? पाला जिकडे, वाट तिकडे. पण माय मटकन दगडावर बसली. तिचा चेहरा असा उतरला की मला रडू यायला लागलं. तिच्या गुडघ्यांकडे पाहून म्हटलं, जाऊ दे, परत कधीतरी येऊ.

"कधी येशीन?" ती म्हणाली, आणि उठली. वाट सोडून सरळ नाकासमोर चढायला लागली. धावड्याची खोडं धरत, कुठे बसून, कुठे हातापायांवर. मी मागून ढकलत होते आणि ती मलाच ओरडत होती, "नीट चाल, पडशीन!"

माथ्यावर वारा भणाणत होता. एका अंगाला सिद्धेश्वर धरणाचं पाणी चमकत होतं. मी बोट दाखवलं, पण तिनं तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती पल्याडचा उतार न्याहाळत होती. तसलाच उतार, तसलाच धावडा. थोडं खाली शेळ्या चरत होत्या आणि एक बाई काठीनं फांदी वाकवून त्यांना पाला देत होती.

बाईनं वर पाहिलं. आम्हाला बघून ओरडली, "ओ माय! तिकडं काय हाय वं?"

माय सांगायला गेली आणि थांबली. मग पदर पुन्हा खोचून त्या बाजूनं खाली उतरायला लागली.

"माय, कुठं चालली?"

"तिच्या शेळ्या राखाया," ती न वळता म्हणाली. "तिला वर येऊन पाहू दे."