तीन मिनिटांची इंग्रजी

मी इंग्रजी शिकले ती एका माणसाचं नाक कापायला. लोक नोकरीसाठी शिकतात, परदेशी जायला शिकतात. आमच्या कॉलेजातल्या अर्ध्या पोरी कॅम्पस इंटरव्ह्यूसाठी शिकत होत्या आणि घरी मीही तेच कारण सांगितलं होतं. खरं कारण गच्चीबावलीतल्या एका कंपनीत कामाला होतं. त्याला चांगला पगार होता, केसाला जेल होतं, आणि माझ्या ताईला बघून गेल्यावर तिचा चेहराही त्याच्या लक्षात राहिला नसावा.

तेव्हा माझं नुकतंच इंटर, म्हणजे बारावी, झालं होतं आणि बी.कॉम.ला नाव घालायचं होतं. आम्ही हैदराबादेत मलकपेठला राहायचो, दोन खोल्या आणि वर गच्ची. पप्पा सिकंदराबादला रेल्वेत, डब्यांच्या दुरुस्तीवर. मूळचे आम्ही उदगीरकडचे, पण मला गाव फक्त लग्नाकार्यापुरतं माहीत. घरात मराठी, गल्लीत उर्दू, शाळेत तेलुगू अशा तीन भाषा आम्हाला येत, आणि इंग्रजी फक्त वहीत. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. ती एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायची. तिचा हात इतका हलका की म्हातारी माणसं डोळे घट्ट मिटून ‘आता टोचणार का?’ म्हणून विचारायची, तेव्हा ती वर पट्टी चिकटवत असायची. तिला बघायला लोक आले ते मे महिन्यात.

मुलगा, त्याची आई आणि मावशी. पोहे झाले, चहा झाला. आमचा कूलर इतका आवाज करत होता की पप्पांनी तो बंद केला, म्हणून सगळे घामाघूम. मुलानं पायावर पाय टाकला आणि ताईला इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल काहीतरी सांगा. ताई म्हणाली, “आय वर्क इन लॅब.” मग थांबली. पुढचं वाक्य तिला सापडेना. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मुलगा हसला, मावशीकडे वळला आणि इंग्रजीतच भरभर एक वाक्य बोलला. मावशींनी तोंडाला रुमाल लावला. त्या वाक्यातले पहिले दोनच शब्द आम्हाला कळले, ‘नाइस गर्ल’.

पप्पांना तेवढे पुरले. पाहुणे जिना उतरतात न उतरतात तोच त्यांनी आईला सांगितलं, “नाइस म्हणाला गं! स्वतःच्या तोंडानं म्हणाला.” लगेच उदगीरला आत्याला फोन लावला. आत्याच्या पोटात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला कळलं की हैदराबादची पोरगी उजवली, इंजिनिअर जावई मिळाला. दोन मामांचे अभिनंदनाचे फोन आले आणि पप्पा ते उभं राहून घेत होते. त्या आठवड्यात लॅबला जाताना ताई आरशासमोर जरा जास्त थांबायची. मीही खुळी. त्या मुलाचं अख्खं वाक्य कानावर पडलं तसं मराठी अक्षरांत वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलं होतं. ताईचं अजून काय काय कौतुक केलंय ते कुणाला तरी विचारून घ्यावं, एवढाच हेतू.

नवव्या दिवशी त्यांच्याकडून फोन आला. पत्रिका जुळत नाही. पप्पांनी परत आत्याला फोन केला, या वेळी बसून. ताई म्हणाली, “पत्रिकेला कोण काय करणार,” आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेली. तिनं ते खरंच तसं घेतलं होतं. चार दिवस जरा गप्प होती, पाचव्या दिवशी माझ्या केसांना तेल लावताना पहिल्यासारखी चिडवायला लागली.

जूनमध्ये कॉलेज सुरू झालं आणि एका मैत्रिणीबरोबर मी नारायणगुड्याच्या इंग्रजीच्या क्लासला गेले. झेरॉक्सच्या दुकानावरचा एक हॉल, साठ प्लास्टिकच्या खुर्च्या, एक माइक. शिकवणारे सर बारीक अंगाचे, तेलुगू माणूस, सगळ्या मुलींना अम्मा म्हणायचे. पहिल्याच दिवशी तास संपल्यावर मी ते मागचं पान त्यांच्यापुढे धरलं आणि कुठल्यातरी सीरियलमध्ये ऐकलंय म्हणून सांगितलं. त्यांना मराठी अक्षरं हिंदीमुळे वाचता येत. त्यांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, “अच्छी बात नै है, अम्मा.” मग अर्थ सांगितला. मुलगी चांगली आहे, पण हिला चारचौघांत कुठे नेता येणार नाही.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या घरात बसून, आमचे पोहे खाऊन, आमच्या ताईच्या तोंडावर हा माणूस हे बोलला, आणि आम्ही? आम्ही त्याला वाकून नमस्कार केला आणि गावभर पेढे वाटल्यासारखे फोन केले! मेट्रोनं परत येताना मला त्याचा पायावरचा पायच दिसत होता. मी डूख धरला. माझा स्वभावच तसा आहे. लहानपणी माझा पतंग काटणाऱ्या शेजारच्या मुलाशी मी दोन वर्षं बोलले नव्हते. हे तर ताईचं होतं. याला याच्याच भाषेत, याच्याच लोकांसमोर पाणी पाजीन तरच नावाची, असं मी ठरवलं. घरी यातलं एक अक्षर बोलले नाही. पप्पांना कळलं असतं तर ते खचले असते, हे मी स्वतःला सांगितलेलं कारण. खरं म्हणजे तो राग मला एकटीला हवा होता. त्याचं उट्टं काढल्यावर सगळ्यांना एकदम सांगायचं, आणि मग ताई माझ्याकडे कशी बघेल, हे चित्र मी रोज झोपताना काढायचे.

सरांची शिकवायची एक तऱ्हा होती. ते म्हणायचे, “दस टॉपिक नक्को. एकीच टॉपिक पकडो, रोज वहीच बोलो.” प्रत्येकानं आपल्या आयुष्यातला एक प्रसंग निवडायचा आणि तोच रोज एका नव्या जोडीदाराला इंग्रजीत तीन मिनिटं सांगायचा. चुका तो जोडीदार काढणार. दर शनिवारी तोच प्रसंग माइकवर, सगळ्यांसमोर. घासून घासून गुळगुळीत होईपर्यंत विषय बदलायचा नाही. कुणी आजोबांच्या ऑपरेशनचा प्रसंग घेतला, कुणी परीक्षेत नापास झाल्याचा. मी ताईचा घेतला.

पहिल्या आठवड्यात माझी चार वाक्यं व्हायची. पण राग फार चांगला मास्तर आहे. जुन्या शहरातली एक मुलगी माझी पहिली जोडीदार होती. माझं तुटकं-फुटकं ऐकून ती उर्दूतच कडाडली, “ऐसा बोला उने? मूं तोड देना था उसका!” मला इतकं बरं वाटलं! रोज कुणीतरी नवीन चिडायचं. रोज मला त्यातला एक शब्द चांगला मिळायचा, एक वाक्य सरळ व्हायचं. कूलर आला, घाम आला, पदराचं बोटाला गुंडाळलेलं टोक आलं, मावशींचा रुमाल आला. ऑगस्टमध्ये शनिवारच्या माइकवर मी बोलले तेव्हा साठच्या साठ खुर्च्या गप्प होत्या आणि मागे एक मुलगी रडत होती. सरांनी इतरांना माझं उदाहरण दिलं. मला इंग्रजीत हवापाण्याच्या गप्पा येत नव्हत्या, बँकेत चार वाक्यं बोलता येत नव्हती, पण ही तीन मिनिटं मी कुणालाही ऐकवली असती. पुढे सरांनी दुसरा विषय घे म्हटलं तरी मी चोरून तोच घोटत राहिले.

गच्चीवर कपडे वाळत घालताना माझी तालीम चालायची. चिमटे ताईच्या हातात, ओली चादर माझ्या हातात, आणि तोंडानं पुटपुट सुरू. एकदा ती थांबली. “सारखं सिस्टर, सिस्टर काय बोलतीस गं? माझं आहे की काय?”

“हौ, तुझंच. तुझं कौतुक करायलेय.”

“कर बाई कर,” ती म्हणाली. “किती भरभर बोलायलीस आता. मला तर काहीच कळंना गेलंय.” आणि लॅबमधल्या बायकांना सांगत सुटली की आमची धाकटी फाडफाड इंग्रजी बोलते.

हैदराबादेतली आमची मराठी माणसं कितीही म्हटलं तरी मोजकीच. ज्याला टाळायचं तोच पुढच्या कार्यक्रमात शेजारी बसतो. मला ते ठाऊक होतं, म्हणून मी नुसती वाट बघत होते. संक्रांतीनंतरच्या रविवारी आमच्या लोकांचा तिळगुळाचा मेळावा होता, एका मंगल कार्यालयात. तरुण पोरं कार्यक्रमाला येत नाहीत अशी ओरड होती, म्हणून त्या वर्षी तरुणांसाठी खास भाग ठेवला होता. ज्याला वाटेल त्यानं स्टेजवर येऊन बोलायचं, कुठल्याही भाषेत. आणि सूत्रसंचालन करायला कोण? तोच. त्याचं लग्न ठरलं होतं. होणारी बायको पहिल्या रांगेत त्याच्या आईशेजारी बसली होती. तो माइक हातात घेऊन इंग्रजीत विनोद करत होता आणि म्हातारी मंडळीसुद्धा कौतुकानं हसत होती. देवानं ताट वाढून पुढ्यात ठेवावं तसं मला झालं.

मी हात वर केला. आई-पप्पा मागे कुणाशी तरी बोलत होते. तिसऱ्या रांगेत ताई होती, काळ्या साडीत. तिनं मला अंगठा दाखवला.

त्यानं मला ओळखलं नाही. माइक देताना गोड हसला. मी म्हटलं, मला एका मुलीबद्दल बोलायचंय. मग माझी तीन मिनिटं सुरू झाली. एक शब्द अडला नाही. एक तरुण बघायला आला, त्यानं पोहे खाल्ले, त्या घरात कुणाला कळणार नाही अशा भाषेत त्या घरच्या मुलीबद्दल तो काय बोलला, हे मी त्याच्याच उच्चारांत म्हणून दाखवलं. त्या घरानं ते कौतुक समजून गावभर फोन केले, तेही सांगितलं. तो बाजूलाच उभा होता. त्याचं हसू आधी अर्धं झालं, मग गेलं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी नाकारणार नाही. तो आजही आठवला की जिभेवर गूळ येतो. शेवटी मी म्हटलं, तो तरुण आता माझ्या शेजारी उभा आहे, आणि ती मुलगी इथेच बसली आहे. सर शिकवायचे, बोलताना एकदा तरी हात उघडून समोर दाखवा. मी हात उघडला आणि तिसऱ्या रांगेकडे दाखवला.

कॉलेजच्या पोरांनी मागून टाळ्या वाजवल्या. होणारी बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याची आई शेजारणीला विचारत होती, “कोण गं ही?” आणि मग सगळा हॉल वळला, पण त्याच्याकडे नाही. सगळे ताईकडे बघत होते. तिला काही कळलं नव्हतं. ती कौतुकानं हसत होती, बहिणीनं आपलं नाव काढलं म्हणून. शेजारच्या काकू तिच्या कानाशी लागल्या आणि त्यांनी तिला ते सगळं मराठीत सांगितलं. मला स्टेजवरून दिसत होतं. काकू बोलत होत्या तसतसा ताईचा चेहरा उतरत गेला. मग ती उठली आणि रांगेतल्या सगळ्यांचे पाय ओलांडत बाहेर गेली.

मी तिला चपलांच्या ढिगापाशी गाठलं. मला धाप लागली होती, पण मी खुशीतच होते. अजूनही वाटत होतं की ती मला मिठी मारेल.

“बघितलंस त्याचं तोंड?” मी म्हटलं. “कसा पडला! होणाऱ्या बायकोसमोर!”

“खरंच बोलला होता तो असं?”

“हौ. शब्द न शब्द. मी लिहून ठेवलं होतं.”

“मला वाटलं, पत्रिका.” ती चपला शोधत नव्हती, नुसती तिथे उभी होती. “तुला कधीपासून माहीत आहे?”

“जूनपासून. क्लासच्या पहिल्या दिवसापासून. तुझ्यासाठीच शिकले मी, ताई.”

“आणि रोज गच्चीवर बोलायचीस ते हेच?”

मी मान हलवली.

“क्लासमध्येपण सांगितलंस?”

“सगळेच सांगतात. शिकवायची पद्धतच आहे ती.”

“किती जणांना?”

“सगळ्यांना.”

ताईनं डोळे पुसले नाहीत, कारण ती रडत नव्हती. ती लॅबमध्ये पेशंटकडे बघते तसं शांतपणे माझ्याकडे बघत होती.

“म्हणजे मला सोडून सगळ्यांना,” ती म्हणाली.

मग आई शोधत असेल म्हणाली आणि ती आत गेली. मी तिथेच थांबले. आत माइकवर त्याचा आवाज परत सुरू झाला होता. तो आता कसलातरी खुलासा करत होता, भरभर, इंग्रजीत, आणि मला त्यातला शब्द न शब्द कळत होता.