नाव नवं, फाइल जुनी

कांचन,

तुझ्यावर लिहिते आहे, तेही इथल्या मराठी मंडळाच्या अंकात, हे पाहून तू कपाळाला हात लावशील. लाव. अंक वाचणाऱ्यांना तू ठाऊक नाहीस, म्हणून तुला ठाऊक असलेलंही मला सांगावं लागणार. तेवढं सहन कर.

२००३च्या ऑगस्टमध्ये तू ॲन आर्बरला माझ्या वरच्या खोलीत राहायला आलीस. इचलकरंजीची, वडील यंत्रमागांचे फिटर, सांगलीला इंजिनिअरिंग, आणि पीएचडी कशात, तर मिशिगनच्या तळ्यांवरच्या बर्फात. मी इथल्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई. म्हटलं, "बर्फ वितळतो. यात पीएचडी कसली?"

"कधी वितळतो, मावशी. पूर्वी कधी आणि हल्ली कधी."

उत्तर आवडलं मला. सांगितलं नाही.

हळूहळू कळलं, तुझं आणखी एक बिऱ्हाड आहे. मेलिंग लिस्ट. फुकट सॉफ्टवेअर लिहिणारे आणि वापरणारे जगभरचे लोक तिथे ईमेलवर एकमेकांच्या अडचणी सोडवत. कुणी कुणाला पाहिलेलं नाही, पगार नाही. तू दात घासायच्या आधी तिथे उत्तरं लिहायचीस. आईला फोन रविवारी, लिस्टला रोज! हे तोंडावर ऐकवलं तेव्हा नुसती हसलीस.

२००६च्या जानेवारीत तू अडलीस. तुझे दोन प्रोग्रॅम होते. एक जुन्या, हाताने लिहिलेल्या नोंदींचा, दुसरा उपग्रहाच्या नव्या नोंदींचा. तारखा मोजायला दोघांनाही एकच छोटी लायब्ररी लागायची, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला कोड. पहिल्याला तिची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवीच. कॉम्प्युटर दोघींतली एकच ठेवू द्यायचा. नवी घातली की पहिला रुसला, जुनी घातली की दुसरा. दोन्ही वेगवेगळ्या जागी बसवून ज्याला त्याला आपापली दाखवायची, हा सरळ मार्ग होता. पण त्यात कित्येक आठवडे गेले असते, आणि एप्रिलमध्ये डिफेन्स, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा. तू जुन्या फाइलला नव्या आवृत्तीचं नाव दिलंस. कॉम्प्युटरने नाव पाहिलं आणि तो गप्प बसला. दोन्ही प्रोग्रॅम चालले. खुशीत तू ती युक्ती लिस्टवरही टाकलीस. तासाभरात नॉर्वेच्या कुणाचं तरी उत्तर: चाललं, आभार. तो नद्यांच्या पुराच्या तारखा मोजत होता.

तुझा निष्कर्षही झकास निघाला. हल्ली बर्फ दोन दिवस आधी फुटतो.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी मी विचारलं, "आकडे ताडून पाहिलेस?"

"प्रोग्रॅमनेच काढलेत ना, मावशी."

"प्रोग्रॅमला मी ओळखत नाही. काठावरच्या लोकांनी नोंदवलेल्या तारखांचं ते छापील पुस्तक आण. मी वाचते, तू टिक कर."

शाळेत मार्कांच्या याद्या आम्ही अशाच ताडायचो. जुनी वर्षं सुरळीत गेली. मग उपग्रहाची आली.

"ब्याण्णव. सतरा मार्च."

"सोळा."

"चष्मा पूस."

"सोळाच आहे, मावशी."

"त्र्याण्णव. बावीस."

"एकवीस."

पाचव्या ओळीला तू पेन्सिल खाली ठेवलीस. वर्षाचे दिवस जुनी आवृत्ती शून्यापासून मोजायची, नवी एकपासून. उपग्रहाच्या प्रोग्रॅमच्या हाती तू जुनीच दिली होतीस. त्यामुळे हल्लीची प्रत्येक तारीख एक दिवस आधीची निघाली होती. तुझ्या दोन दिवसांतला एक खोटा.

"एकच दिवस यार… सॉरी, मावशी. पण कुणाला कळणार आहे?"

"मला कळलं. तुलाही कळलं."

"डिफेन्स जाईल."

"जाऊ दे. नावाआधी डॉक्टर लावून रोज तो एक दिवस आठवत बसणार आहेस का?"

जरा कठोरच बोलले. तू रडली नाहीस, जेवलीही नाहीस. सोमवारी प्रोफेसरांकडे जाऊन सगळं सांगितलंस. डिफेन्स डिसेंबरवर गेला. तू दोन्ही आवृत्त्या वेगळ्या बसवल्यास, सगळं पहिल्यापासून चालवलंस. हाती उरला एकच दिवस, पण परीक्षकांनी उलटसुलट विचारूनही तो हलला नाही.

मला वाटलं, चूक घरात सापडली, घरातच मिटली. पण ती घरात राहिली कुठे होती? आधी स्वतःचं निस्तरायचं म्हणून तू लिस्टचं पत्र मागे ठेवलं होतंस. डिफेन्स झाल्यावर ते लिहिलंस, छापून माझ्या हातात दिलंस. "इंग्रजी बघा, मावशी. फार लोटांगण घातल्यासारखं वाटतंय का? तुम्ही दिलंत की पाठवते."

वाटत होतं. मी तीन 'सॉरी' लाल पेनने खोडले, आणि जुन्या फाइलला तू नवं नाव दिलंस ते वाक्य अगदी वर नेलं. त्याच आठवड्यात तुझी जर्सी सिटीच्या नोकरीची बांधाबांध. खोकी, टेप, विमानतळ. तू मागितलं नाहीस, मी दिलं नाही. नंतर मी समजले, तुझ्याकडे प्रत आहे, पाठवलं असशील. तू बहुधा समजलीस, मावशी अजून तपासताहेत. फोनवर आपण तुझ्या आईच्या गुडघ्यांवर बोललो, इथल्या थंडीवर बोललो.

गेल्या महिन्यात मी स्वतः ती लिस्ट उघडली. युक्ती तशीच आहे, खाली आणखी चौघांचे आभार. तुझं पत्र कुठेच नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे, लाल खुणांसकट.